सामूहिक वनहक्काचा दावा करताय? या चुका टाळा

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून आपलं जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क मिळाला, हे ऐकून गावोगावची पोरं हुरूपाने येतात आणि पहिलाच प्रश्न, "फॉर्म कुठं मिळतो?" अरे, आधी ग्रामसभा तरी भरवा!

सगळ्यात जास्त नडतो तो ठराव. एका गावाची फाईल दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडून परत आली. वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, पुरावेही भक्कम. पण ठराव शेजारच्या गावाचाच, वर नाव बदललेलं आणि खाली जुनं तसंच राहिलेलं. सह्या सभा उठल्यावर घरोघर फिरून घेतलेल्या, बायकांच्या जेमतेम सात. दोन तास वाचवायला गेले आणि पुन्हा सभा लागेपर्यंत अख्खा पावसाळा गेला.

नियम साधा आहे. ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका, आणि दाव्यावर ठराव असेल तर निम्मे दावेदारही. काही जण अजून दोन तृतीयांशचा कोरम सांगतात, तो २०१२ लाच बदलला. माझ्या सभेत हजेरी आधी, चर्चा मग. बायका पुढे बसतात, त्यांच्या सह्या पहिल्या. ठराव मोठ्याने वाचून होईस्तोवर चहा येत नाही, आणि माणसं उठायच्या आत रजिस्टरच्या पानाचा मोबाईलवर फोटो. ही सगळी औपचारिकता वाटत असेल, तर ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली 12 ग्रामसभांच्या ठरावांपुढे खाण अडली, हे लक्षात ठेवा.

दुसरी चूक मुदतीची. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. "नामंजूर झालं" असं टेबलावरून तोंडी ऐकून परत येऊ नका, कारणांसह लेखी मागा. जंगलात खाण येत असेल, तर तिच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयात, अपील ३० दिवसांत. सबळ कारण असेल तर आणखी ६०, त्यानंतर न्यायाधिकरणालाही उशीर माफ करता येत नाही. मोर्चे काढा, निवेदनं द्या, पण साहेबांच्या "बघतो"ने मुदत थांबत नाही.

बाकी किरकोळ, पण रोजचं. नुसता नमुना 'ब', म्हणजे सामूहिक वापराच्या हक्काचा अर्ज, भरून थांबू नका, वनसंसाधनाच्या व्यवस्थापनाचा हक्क 'क'मध्ये मागायचा असतो. उपग्रह नकाशा जोडपुरावा आहे. निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची सरकारी नोंद) आणि म्हाताऱ्यांचे लेखी जबाब लावा. शेजारच्या गावाला न बोलावता हद्द आखू नका. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.