दोन पडद्यांचा लॅपटॉप घेतलात? आधी बाण सरळ करा

मी अनुवाद करते. वर मूळ पुस्तकाची पीडीएफ, खाली माझा मसुदा, एवढ्याच लोभापायी दोन टचस्क्रीनचा लॅपटॉप घेतला. पहिला दिवस वैतागात गेला. माउसचा बाण वरच्या पडद्याच्या तळाशी अडायचा आणि उजव्या कडेतून घुसला की खाली उगवायचा. दुसरा पडदा शेजारी आहे, असं सेटिंग होतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जा, २ नंबरचा चौकोन ओढून १च्या बरोबर खाली सोडा आणि अप्लाय करा. तिथेच दोन्हींचं स्केल सारखं ठेवा, नाहीतर विंडो खाली नेली की अक्षरं एकदम फुगतात.

बोट खाली टेकवलं आणि क्लिक वर झालं, तर बिघडलंय असं समजू नका. कंट्रोल पॅनलमधल्या ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये सेटअप दाबा. ज्या पडद्यावर सूचना दिसेल, त्याच पडद्याला बोट लावायचं. बस्स.

विंडो ओढत बसू नका. विंडोज बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबला की ती दुसऱ्या पडद्यावर जाते. मी दिवसात शंभरदा दाबत असेन.

काचेवरचा कीबोर्ड पासवर्डापुरता ठीक. बोटांना बटणांच्या कडा लागत नाहीत, त्यामुळे नजर सारखी खाली जाते. पानभर लिहायचं तर सुटा कीबोर्डच हवा. आसूसच्या २०२४च्या झेनबुक डुओत तो खालच्या पडद्यावर ठेवला की तो पडदा आपोआप बंद होतो, शिवाय बॅटरी वाचते. प्रवासात दुसरा पडदा बंदच बरा.

टॅब्लेट म्हणून वापरायचा असेल तर घेण्याआधी बिजागर बघा. लेनोवोच्या योगा बुक ९आयचं ३६० अंश फिरतं, म्हणून पडदे पाठीला पाठ लावून घडी होते. झेनबुक डुओ १८० अंशांवर सपाट होतो, पुढे नाही. आणि हातात धरून वाचायची स्वप्नं नकोत. सव्वा किलोच्या वर वजन आहे, दहा मिनिटांत मनगट बोलतं! मी मांडीवर उशी घेते आणि रोटेशन लॉक लावते, नाहीतर कूस बदलली की पानही आडवं होतं.

पडदे ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) असतील तर टास्कबार आपोआप लपेल असं करा. एकच चित्र महिनोन्‌महिने एकाच जागी राहिलं तर त्याचा डाग उमटू शकतो.