कुत्र्यांच्या मेटिंगच्या आधी या चुका टाळा, नुसत्या "प्युअर" आणि "क्रॉस" या शब्दांवर विसंबू नका

कुत्रीच्या मेटिंगसाठी मेल म्हणजे नर शोधणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पेपर आहेत ना? आणि दुसरा, पिल्लं कुठल्या रंगाची होतील? हिपचे एक्सरे दाखवा, डोळे कधी तपासलेत, याच्या आधीच्या पिल्लांमध्ये कुणाला काही निघालं का, हे विचारणारा फार क्वचित भेटतो. पेपरवर आईबाप कोण एवढंच लिहिलेलं असतं हो, त्यांच्या अंगात काय दडलंय ते तिथे नसतं.

"दोघं ठणठणीत आहेत ना, मग झालं" ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कुत्र्यात क्रोमोसोमच्या 39 जोड्या असतात, प्रत्येक जोडीतला एक आईकडून, एक बापाकडून, त्यामुळे जवळपास प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या. बरेच आजार असे की दोन्ही कॉप्या बिघडलेल्या असल्या तरच दिसतात, एकच बिघडलेली असेल तर कुत्रा म्हातारा होईपर्यंत मस्त जगतो, त्याला कॅरिअर म्हणतात, आणि नुसतं बघून कॅरिअर कुणालाच ओळखता येत नाही, व्हेटला पण नाही. एकाच आजाराचे दोन कॅरिअर एकत्र आले की प्रत्येक पिल्लाला 25 टक्के धोका. इथे लोकांचं गणित चुकतं, त्यांना वाटतं चारातलं एक आजारी निघणारच आणि नाही निघालं म्हणजे आईबाप क्लिअर, म्हणजे दोन्ही कॉप्या चांगल्या असलेले. तसं नाहीये, प्रत्येक पिल्लाच्या वेळी फासा नव्याने पडतो, सहा पिल्लं झाली तर सहाही चांगली निघायची शक्यता साधारण 18 टक्के असते.

मी हेच चुकलोय. आमच्या लॅब्राडोर कुत्रीची पहिल्या वेताची सगळी पिल्लं छान निघाली म्हणून पुन्हा त्याच मेलकडे नेली, आणि दुसऱ्या वेतातली दोन पिल्लं मोठी झाल्यावर संध्याकाळची जिन्यावर अडखळायला लागली, घरच्यांना वाटलं घाबरतात, मग कळलं पीआरए आहे, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो, आधी अंधारात दिसेनासं होतं आणि मग दिवसाही. यावर इलाज नाही. गालाच्या आतून फिरवलेल्या एका स्वॅबच्या जीन टेस्टवरून हे आधी कळलं असतं. ती दोन्ही कुत्री आज पूर्ण आंधळी आहेत आणि त्यांच्या घरच्यांचा फोन आला की मला अजून बोलायला जमत नाही.

टेस्ट केल्यावर लोक उलट टोकाला जातात. कॅरिअर निघाला की त्याला बादच करून टाकतात. अहो, कॅरिअर आणि क्लिअर अशी जोडी लावली तर तो आजार झालेलं एकही पिल्लू होत नाही, साधारण निम्मी पिल्लं कॅरिअर होतात एवढंच, त्यांची टेस्ट करून पुढची जोडी ठरवायची. दिसला कॅरिअर की काढ असं करत गेलात तर ब्रीडमधली चांगली कुत्रीही कमी होतात, उरलेली एकमेकांची नातेवाईक होत जातात आणि मग दुसराच कुठला तरी आजार वर येतो.

नातेवाईकांवरून आठवलं. नात्यातलीच कुत्री एकमेकांना लावायची आणि त्याला "लाइन ब्रीडिंग" असं छान नाव दिलं की बापलेकीची जोडी पण लोकांना शास्त्रशुद्ध वाटायला लागते. बापलेक किंवा सख्खे भाऊबहीण लावले तर पिल्लांचं इनब्रीडिंग, म्हणजे जीनच्या दोन्ही कॉप्या एकाच पूर्वजाकडून यायची शक्यता, 25 टक्के, सावत्र भावंडं 12.5, चुलत-मावस 6.25, आणि हे आधीच्या पिढ्या एकमेकांच्या कुणीच नाहीत असं धरून, प्युअर ब्रीडमध्ये ते तसं जवळपास नसतंच. निदान पाच पिढ्यांची पेडिग्री म्हणजे वंशावळ मागा, तोच चॅम्पियन मेल दोन्ही बाजूंना सापडला तर थांबा.

मग क्रॉस, म्हणजे दोन वेगळ्या ब्रीडची जोडी, बरा का? "क्रॉस म्हणजे हेल्दीच" हे मी इतक्यांदा ऐकलंय. दोन ब्रीडचे आजार वेगवेगळे असतील तर पहिल्या पिढीला खरंच फायदा होतो. पण मी वर सांगितला त्या पीआरएचा एक प्रकार लॅब्राडोरमध्ये पण आहे आणि पूडलमध्ये पण, बिघाड तोच, त्यामुळे त्यांचा क्रॉस लॅब्राडूडलही आंधळा होऊ शकतो. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात अंधांसाठीची कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरनने लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडलचा क्रॉस केला तो एका अंध बाईसाठी, तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास होता. तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच त्याला चाललं. पुढे लोकांनी कसल्याही तपासण्या न करता काहीही कशालाही लावायला सुरुवात केली आणि स्वतः कॉनरनलाच त्याचा पश्चात्ताप झाला. त्यात दुसऱ्या पिढीत क्रॉसला क्रॉस लावला की केस, साइज, स्वभाव सगळं विखुरतं, आणि पहिल्या पिढीत झाकलेलं परत उघडं पडतं.

विचार करून केलेला क्रॉस कसा असतो ते बघायचं तर डाल्मेशियनचं उदाहरण मला फार आवडतं. या ब्रीडमध्ये यूरिक अ‍ॅसिडचा बिघाड इतका पसरला की चांगली कॉपीच उरली नाही, लघवीत खडे व्हायचे, आणि प्युअरला प्युअर कितीही निवडून लावलं तरी जे ब्रीडमध्ये नाहीच ते येणार कुठून? अमेरिकेत 1973 मध्ये रॉबर्ट शायबल यांनी एकदाच पॉइंटर लावला आणि पुढे दर पिढीत चांगली कॉपी असलेलं पिल्लू निवडून परत डाल्मेशियनलाच लावत गेले. अमेरिकन केनेल क्लबने ही लाइन 2011 मध्ये स्वीकारली. एक क्रॉस, आणि पुढे किती वर्षांचा धीर!

रंगाच्या नादात होणारी चूक म्हणजे मर्ल, म्हणजे फिकट-गडद ठिपक्याठिपक्यांचा रंग देणारा जीन. मर्लला मर्ल कधीच लावू नका, प्रत्येक पिल्लाला डबल मर्ल (दोन्ही कॉप्या मर्लच्या) व्हायचा 25 टक्के धोका, आणि अशी पिल्लं बरेचदा जवळपास पांढरी, बहिरी, डोळ्यांत दोष असलेली जन्मतात. काही कुत्र्यांत मर्ल असूनही दिसत नाही, म्हणून घराण्यात मर्ल असेल तर टेस्ट करा.

हिप डिस्प्लेसियात, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याच्या आजारात, बरेच जीन असतात शिवाय वजन आणि खाणंपिणं, त्यामुळे स्वॅबने भागत नाही, एक्सरेच लागतो, आणि पक्कं ग्रेडिंग सहसा दोन वर्षांनंतर होतं. पहिल्या माजालाच मेटिंग करणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. ब्रुसेला या जंतूची टेस्ट दोघांची करा, त्याने गर्भ पडतो आणि माणसालाही लागण होऊ शकते. कुत्री गाभण राहत नाही म्हणून दरवेळी मेल बदलू नका, बरेचदा दिवस चुकलेला असतो, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हार्मोन तपासून घ्या. आणि गाभण असताना मनाने कॅल्शियम सुरू करू नका, त्याने हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची यंत्रणा मंदावते, मग व्याल्यावर दूध सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येतात.

एवढं करूनही एखादं पिल्लू आजारी निघालं तर ती जोडी परत लावायची नाही, दोघांची टेस्ट करायची, आणि पिल्लं जिथे जिथे गेलीत त्या प्रत्येक घरी कळवायचं. मेलच्या मालकालाही त्याच दिवशी फोन करा, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे दुसरी कुत्री येणार असेल.