चीनमध्ये बॅगा बनवून घेताना

पुण्यात रविवार पेठेत माझा पाठीवरच्या बॅगांचा घाऊक व्यापार आहे. काही माल धारावीत शिवून घेते, काही चीनमधल्या क्वानझोऊहून येतो. नवीन मुलं विचारायला येतात, "ताई, तिकडूनच मागवू का?" मी आधी विचारते, नग किती? पाचशेच्या आत असतील तर धारावीच बरी. तिथे समोर उभं राहून शिलाई बदलून घेता येते.

त्याहून मोठी ऑर्डर असेल, तर भाव विचारण्याआधी कागद तयार करा. "चांगल्या क्वालिटीची स्कूल बॅग" एवढंच लिहिलंत तर आलेला भाव नेमका कशाचा, हे तुम्हालाच कळणार नाही. कापड 600 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) की 300, मागचं कोटिंग पीयूचं की पीव्हीसीचं (दोन्ही प्लास्टिकचे थर), अस्तर 210 डेनियरचं का, चेन 8 नंबर की 5 नंबर, रनर (चेन सरकवायचा तुकडा) कुठला, पाठीच्या फोमची जाडी किती मिलिमीटर, इंचाला टाके किती, पट्ट्याच्या मुळाशी बारटॅक (जोड पक्का करणारी दाट शिलाई) आहे का, हे सगळं लिहा. बॅग फाटते ती बहुतेक वेळा पट्ट्याच्या मुळाशी आणि बिघडते ती चेनपाशी, म्हणून या दोन ओळींवर अजिबात सूट देऊ नका.

घासाघीस जरूर करा, पण भाव उतरला की लगेच विचारा, "यात काय बदललं?" कापड, मजुरी, चेन यांचे दर कारखान्याला ठरलेले असतात. तुम्ही तोडलेले सेंट कुठून तरी निघतातच: फोम पातळ होतो, दोरा हलका येतो, अस्तर बदलतं. वरून बॅग तशीच दिसते. तीन महिन्यांनी एखाद्या पोराची वह्यांनी भरलेली बॅग रस्त्यात तुटते आणि शिव्या दुकानदाराला बसतात. मला हे फार लागतं, कारण वर्षातून एकदाच बॅग घेणारी घरं आहेत.

आता हिशेब. एफओबी भाव म्हणजे तिथल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च. पुढचं भाडं आणि विमा तुमचा, आणि कस्टम ड्युटी त्या भाड्या-विम्यासकट किमतीवर लागते. मूळ ड्युटीच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार, वर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढच्या जीएसटीतून तो वळता होतो, पण तोवर तुमचे पैसे अडकतात. ड्युटीचा दर एचएस कोडप्रमाणे (मालाच्या प्रकाराचा कस्टममधला क्रमांक) क्लिअरिंग एजंटकडून आधीच लिहून घ्या. आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, डीजीएफटी या केंद्राच्या परकीय व्यापार खात्याकडून काढावा लागतो, ते सोपं आहे.

बॅगांचं भाडं वजनापेक्षा आकारमानावर बसतं. 60×50×40 सेंटिमीटरच्या खोक्यात 20 नग बसले तर 2,000 बॅगांचे 12 घनमीटर होतात, 25 बसले तर 9.6. पण 25 कोंबून फोमला कायमची घडी पडत असेल तर ती बचत नको.

सॅम्पल पसंत पडलं की त्याचे तीन नग सही करून सीलबंद करा: एक कारखान्यात, एक तपासनिसाकडे, एक तुमच्याकडे. करार चिनी भाषेतही असावा आणि त्यावर कंपनीचा लाल शिक्का हवा. बँक खातं त्याच कंपनीच्या नावावर हवं. मध्येच "खातं बदललं" असा ईमेल आला तर फोन करून खात्री झाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

पैशांची रीत साधारण 30 टक्के आगाऊ आणि 70 टक्के नंतर अशी असते. तुमचा सगळा जोर त्या 70 टक्क्यांत आहे. तपासणीत पास झाल्याशिवाय माल जहाजावर चढणार नाही आणि उरलेले पैसेही मिळणार नाहीत, हे करारातच घाला. तपासणी त्रयस्थ कंपनीकडून, निदान 80 टक्के माल पॅक झाल्यावर करा. आयएसओ 2859-1 या नमुना-तपासणीच्या मानकाच्या नेहमीच्या पातळीवर 2,000 नगांतून 125 उघडतात, एक्यूएल (दोषांची मान्य मर्यादा) 2.5 धरला तर मोठे दोष 7 पर्यंत चालतात, 8 सापडले की लॉट नापास. खोकी तपासनिसाने स्वतः निवडावीत. चेन वारंवार उघडून-मिटून बघणं आणि भरलेली बॅग पट्ट्यावर टांगणं त्याच्या यादीत लिहून द्या.

पहिली ऑर्डर उत्तम आली म्हणून तिसरीची तपासणी सोडू नका. माल हळूहळू हलका होत जातो तो तेव्हाच.

आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि उत्पादनाचा देश असलेलं लेबल कारखान्यातच लावून घ्या, नाहीतर न्हावाशेव्याला माल अडतो आणि डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचं भाडं, चढतं. पावसाळ्यात येणाऱ्या मालाच्या प्रत्येक खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. कंटेनरमधल्या दमटपणाने अस्तराला बुरशी धरते.

आपल्या शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे दुकानांत माल एप्रिलअखेर हवा. चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं, तेव्हा कारखाने काही आठवडे बंद असतात आणि सुट्टीआधीच्या धावपळीत शिलाई घसरते. मी सॅम्पल दिवाळीच्या सुमारास पक्कं करते आणि माल डिसेंबरातच तपासून घेते.