शेतावरच्या भाड्याच्या केबिन: मुंबईकर मालकांनी टाळाव्यात अशा चुका

मुंबईतल्या ज्या कुटुंबांची कर्जत, मुरबाड, शहापूर किंवा अलिबागकडे थोडीबहुत जमीन आहे, त्यांच्या घरी गणपतीत चार भावंडे एकत्र आली की एक विषय हमखास निघतो: तिथे दोन-चार केबिन टाकून शनिवार-रविवारी भाड्याने दिल्या तर काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. मोटारी नेणारी मांडव्याची रो-रो बोट आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू यांमुळे रायगडकडे जाणे सोपेही झाले आहे. मात्र अडचणीत येणारे मालक बहुधा आपल्या जागेकडे पाहुण्याच्या नजरेने पाहत असतात. डोंगर आणि झोपाळा पाहुण्याने पाहावा. मालकाची नजर सातबारा, सांडपाणी जिरवणारा शोषखड्डा आणि बुधवारची रिकामी खोली यांवर हवी.

केबिन आधी, कागद नंतर

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे. ‘पाया खणलेला नाही, क्रेनने आणून ठेवलेली केबिन आहे, म्हणजे परवानगी लागत नाही’ असे विक्रेते सर्रास सांगतात आणि आपल्यालाही ते ऐकायला बरे वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मात्र केबिनला चाके आहेत की जोते, एवढेच पाहत नाही. जमिनीचा वापर कशासाठी होतो आहे, हे पाहते. शेतजमिनीवर पैसे घेऊन मुक्कामाची सोय करणे हा सामान्यतः अकृषिक वापर ठरतो आणि तो विनापरवाना असल्यास कलम ४५ खाली दंडाची कारवाई होऊ शकते. शेतघराची परवानगी शेतकऱ्याच्या स्वतःच्या वापरासाठी असते, आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे दोन्ही मुद्दे केबिनची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लक्षात घ्यावेत.

म्हणून पहिले काम म्हणजे झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी ठरवलेली आहे याचा दाखला, काढणे. गाव प्रादेशिक योजनेत आहे, एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे की नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात, यावर पुढची प्रक्रिया ठरते. शिवाय या नियमांत अलीकडे बरेच बदल झाले असल्याने ओळखीच्या माणसाने पाच वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये, तहसील कार्यालयातच विचारावे. माथेरानच्या परिसरात २००३ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत, तर समुद्रालगतच्या जमिनीला सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, लागू होतात. स्वतः शेतकरी असाल आणि शेती खरोखर चालू असेल, तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याचा मार्ग अवश्य तपासावा.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना वाचायचा कंटाळा करू नये. कुळाचे नाव, भोगवटादार वर्ग २ च्या (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणाऱ्या) जमिनीच्या अटी, पूर्वीच्या नोटिशीवरून झालेली खासगी वनाची नोंद, अशा गोष्टी उताऱ्यावर असतात आणि खासगी वनाची नोंद निघाल्यास वकिलाचा सल्ला घेईपर्यंत एक खांबही रोवू नये. वडिलोपार्जित जमिनीत आणखी एक गोष्ट होते. सातबाऱ्यावर पंधरा नावे असतात, त्यांतला एक जण सगळ्यांच्या तोंडी संमतीने केबिन बांधतो, आणि पहिल्या हंगामाचे पैसे आले की आजवर गावाकडे न फिरकलेल्या चुलत भावांना जमिनीची ओढ लागते. वाटप आणि सरकारी मोजणी आधी करून घ्यावी; ते जमत नसेल तर निदान नोंदणीकृत करार तरी करावा. शेजाऱ्याच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेचेही तसेच आहे: बैलगाडीला कोणी अडवत नाही, पण दर शनिवारी सहा मोटारी जाऊ लागल्या की वहिवाटीचा वाद उभा राहतो.

पहिला पावसाळा

केबिन डिसेंबरात पसंत केली जाते आणि तिची परीक्षा जुलैत होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडमध्ये घरांचे पत्रे आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा छपराची बांधणी कशी आहे आणि केबिन जमिनीशी किती पक्की जखडलेली आहे, हे रंग आणि फर्निचरच्या आधी विचारावे. लाकडी केबिन जमिनीपासून वर उचललेली हवी, म्हणजे वाळवी लवकर दिसते आणि खालून हवा खेळती राहते. गाद्यांना वास येत असेल तर सुगंधी फवारे मारून उपयोग नाही. आठवडाभर बंद राहणाऱ्या खोलीला समोरासमोर झडपा आहेत का, ते पाहावे.

पाहुण्यांच्या तक्रारी मात्र सर्वाधिक येतात त्या संडासाबद्दल. शनिवारी रात्री फ्लश केलेले पाणी सावकाश उतरते, न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे येतात, रविवारी सकाळी दुर्गंधी सुटते, आणि सोमवारी मैला उपसणारी गाडी बोलावली तरी पुढच्या शनिवारी तेच होते. याचे कारण बहुधा मैल्याची टाकी लहान असणे एवढेच नसते: भर पावसात भूजल वर येते, खाली कातळ असेल तर शोषखड्डा पाणी घेतच नाही, आणि छपराचे पाणीही त्याच बाजूला सोडलेले असते. छपराचे पाणी आधी चर खणून दुसरीकडे न्यावे, टाकीला तडे असल्यास ते बुजवावेत, आणि शोषखड्डा विहीर-बोअरपासून लांब, त्यांच्या उताराच्या बाजूला घ्यावा. नवीन काम असेल तर जागा निवडण्यापूर्वी ऐन जुलैत तिथे खड्डा खणून त्यात पाणी किती वेळ साचून राहते ते पाहावे. या साध्या चाचणीवर पैसे खर्च होत नाहीत आणि तरीही ती कोणी करत नाही.

कृषी पंपाच्या जोडणीवर केबिनचे गीझर चालवू नयेत. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते.

शनिवारचा गुणाकार

चार केबिन, रात्रीचे ४,००० रुपये आणि ३६५ दिवस असा गुणाकार केला की आकडा ५८ लाखांपुढे जातो. वर्षात शनिवार-रविवारच्या रात्री साधारण १०४ असतात. त्या सगळ्या भरल्या तरी १६,६४,००० रुपये होतात, आणि मुंबईचा पाहुणा सोमवारी कामावर जायचे म्हणून रविवारी संध्याकाळीच निघतो, म्हणजे खरा हिशेब त्याहूनही खाली येतो. त्यातून राखणदाराचा पगार, चादरींची धुलाई, उन्हाळ्यातले टँकर आणि संकेतस्थळांचे कमिशन वजा करून उरेल त्यावरच कर्जाचा हप्ता ठरवावा.

करांबाबत दोन गैरसमज आढळतात. शेतात उभ्या असलेल्या खोलीचे भाडे हे शेती उत्पन्न नव्हे, त्यामुळे ते करमुक्त नाही. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा केबिनपुरती मोजली जात नाही. त्याच पॅनवर दादरला दुकान असेल तर दोन्ही उलाढाली एकत्र धरल्या जातात.

परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन द्यावी लागते. प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र घ्यावे, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद राहील हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे, आणि जागेजवळ ओढा किंवा धबधबा असेल तर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा तिथे जाण्यास मनाई करणारा आदेश निघाला आहे का, ते दर आठवड्याला पाहून राखणदाराला त्याची प्रत देऊन ठेवावी.