सबलिमिनल ऐकून डेटवर निघालात? आधी या चुका टाळा

मी पुण्यात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. डबिंग, ऑडिओबुक, जाहिरातींचे आवाज, अशी कामं असतात. गेल्या काही वर्षांत एक वेगळीच मंडळी येऊ लागली आहेत. पावसाच्या किंवा लाटांच्या आवाजाखाली ‘मी आकर्षक आहे’, ‘मी न घाबरता बोलतो’ अशी वाक्यं दडवलेली फाइल त्यांना हवी असते, नाहीतर विकत घेतलेली दुरुस्त करून हवी असते. अशा फाइललाच ‘सबलिमिनल’ म्हणतात. बहुतेकांचं वय तिशी-चाळिशीचं. कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाची स्थळं बघण्यात दहा वर्षं गेलेली असतात. त्यांचं घाबरणं मला समजतं. पण तेच-तेच घोटाळे पाहून आता लिहायला बसलो आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फाइलमध्ये काय आहे हे न तपासताच ती महिनोन्‌महिने ऐकणं.

चौतीस वर्षांचा एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. फाइलला त्यानं काही हजार रुपये मोजले होते आणि रोज दोन तास, असं तीन महिने ऐकली होती. म्हणाला, “दादा, यातला मुलींशी बोलण्याचा भाग जरा वर आणून द्या, मला कमी पोचतोय.” मी फाइल उघडली. पावसाचा चाळीस सेकंदांचा तुकडा दीड तास पुन्हापुन्हा जोडलेला होता. दोन तुकडे तंतोतंत एकाखाली एक ठेवून त्यातल्या एकाचा फेज, म्हणजे ध्वनिलहरीचा चढउतार, उलटा केला, की दोघांत जे समान असतं ते कटतं आणि फरक तेवढा उरतो. वर्णनात साठ वेगवेगळ्या वाक्यांचा दावा होता. ती चाळीस सेकंदांत मावणं शक्य नव्हतं, म्हणजे फरकात कुठेतरी माणसाचा आवाज सापडायला हवा होता. उरली फक्त कॉम्प्रेशनची, म्हणजे फाइल दाबून लहान करताना आलेली, बारीक खरखर. वेगवेगळ्या पंधरा ठिकाणी करून पाहिलं, सगळीकडे तेच. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग विचारलं, “मग मला फरक का जाणवला?” या प्रश्नाकडे पुढे येतो.

इथे फसवणूकच असते असं नाही. बनवणाऱ्यानं प्रामाणिकपणे वाक्यं घातली तरी ती वाटेत गळतात. एमपीथ्रीसारख्या कॉम्प्रेशनचं तत्त्वच असं आहे, की मोठ्या आवाजाखाली दबलेलं जे माणसाला ऐकू येणार नाही, त्यावर जागा खर्च करायची नाही. म्हणजे तुम्ही मुद्दाम दडवलेलं वाक्य ते सगळ्यात आधी फेकायला निघतं. ‘सायलेंट’ प्रकाराचं तर आणखी अवघड. त्यात बोलणं साडेसतरा हजार हर्ट्‌झच्या आसपास नेऊन बसवतात. अमेरिकेत या कल्पनेला 1992 मध्ये पेटंटही मिळालं. पण कमी बिटरेटच्या, म्हणजे जास्त दाबून लहान केलेल्या, फाइलमध्ये सोळा हजारांच्या वरचं बहुधा कापलेलंच असतं, आणि चाळिशीतल्या कानांना तिथलं सहसा काही ऐकू येत नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. ऑडॅसिटी नावाचं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे किती हर्ट्‌झवर किती आवाज आहे याचं चित्र, बघा. सोळा हजारांच्या वर काळा पट्टा दिसला तर ‘सायलेंट’च्या नावाखाली तुम्हाला शांतताच विकली आहे.

जास्त ऐकू यावं म्हणून आवाज वाढवणं. मुळीच नको. जे ऐकूच येणार नाही ते व्हॉल्यूम वाढवून येणार नाही. कानावर आदळतो तो पाऊस. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी आहे. रात्रभर इअरबड घालून झोपणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

गाडी चालवताना ऐकणं. करू नका.

पाच-सहा फाइल एकावर एक रचणं. त्याचा फक्त गोंगाट होतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. 1991 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी बाजारातल्या सबलिमिनल कॅसेटची चाचणी प्रसिद्ध केली. काही कॅसेट आत्मसन्मानाच्या होत्या, काही स्मरणशक्तीच्या. काही लोकांना त्यांनी लेबलं मुद्दाम अदलाबदल करून दिली. महिनाभरानंतर मोजलं तर कुठल्याच कॅसेटचा दाव्यातला परिणाम दिसला नाही. पण लेबलावर जे लिहिलं होतं त्यातच आपण सुधारलो, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटत होतं. त्या मुलाला जाणवलेला फरक खोटा नव्हता, फक्त तो पावसाखालून आलेला नव्हता. आणि ज्या कहाणीवर हा सगळा व्यापार उभा राहिला, ती 1957 मधली न्यू जर्सीच्या थिएटरातली, पडद्यावर क्षणभर चमकलेल्या संदेशांनी पॉपकॉर्न आणि कोकची विक्री वाढल्याची, ती पसरवणाऱ्या जेम्स व्हिकरी या बाजार-संशोधकानं पुढे स्वतःच बनावट म्हणून कबूल केली.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त टोचते, कारण तिच्यात माणसाची वर्षं जातात. ती म्हणजे ‘आत भिनेपर्यंत’ भेट पुढे ढकलणं.

माझी एक जुनी मैत्रीण ठाण्यात राहते. एकोणचाळिशीची, घटस्फोटित. अॅपवर एका गृहस्थाशी तिच्या गप्पा छान जुळल्या होत्या. त्यानं भेटूया म्हटलं की ही म्हणायची, “अजून एकवीस दिवसांचं एक चक्र होऊ दे.” एक झालं, दुसरं झालं, पाच महिने गेले. मला फोनवर प्रगती सांगायची, आज किती तास ऐकलं, कुठलं स्वप्न पडलं. शेवटी त्या गृहस्थानं सभ्यपणे निरोप घेतला. त्या रात्री ती रडत म्हणाली, “मी एवढी मेहनत केली रे.” मेहनत तिनं खरंच केली होती. पण ती सगळी मेहनत भेट टाळण्यात गेली. मी तिला वेळीच स्पष्ट बोललो नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिला मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत बऱ्याच जणांना माहीत आहे. एकोणिसाव्या वर्षी एलिस मुलींशी बोलायला प्रचंड घाबरत. त्यांनी ठरवलं, ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी मुलगी बसलेली दिसली की बोलायचं. ते सांगत, की अशा 130 जणींपैकी 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, भेटायला तयार झाली एक आणि तीही आली नाही. पण नकार मिळूनही काही कोसळत नाही हे त्यांना कळलं आणि भीती ओसरली. आज बागेत अनोळखी बाईला असं गाठायला मी कुणालाच सांगणार नाही. त्यातलं घ्यायचं ते एवढंच, की भीती ज्या गोष्टीची आहे ती छोट्या मापात, पुन्हापुन्हा करायची. मैत्रिणीनं पहिल्या महिन्यात चार भेटी ठरवल्या. प्रत्येक भेट तलावपाळीला, दिवसाउजेडी, अर्ध्या तासाची. दोन अगदी रटाळ झाल्या, एक बरी झाली, एकात समोरचा आलाच नाही. पाचव्या भेटीला तिनं हेडफोन घरी ठेवला.

डोळ्यांत पाणी येईल अशी भव्य वाक्यं निवडणं. ‘मी अप्रतिम आहे, सगळे माझ्यावर भाळतात.’ मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांच्या 2009 च्या प्रयोगात, ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता त्यांना अशी वाक्यं घोकून उलट आणखी वाईट वाटलं. मन लगेच उत्तर देतं, ‘खोटं आहे.’ मी लोकांना त्यांच्याच आवाजात, स्वच्छ ऐकू येईल असं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करायला लावतो, आणि त्यात फक्त करण्यासारख्या गोष्टी असतात. ‘मी तिला तिच्या कामाबद्दल विचारीन आणि उत्तरावर आणखी एक प्रश्न विचारीन.’ ‘घाम आला तरी मी बसून राहीन.’ हे भेटीला जाताना रिक्षात एकदा ऐकायचं, बस. पुढचा प्रश्न विचारण्याचा मुद्दा माझ्या मनचा नाही. स्पीड डेटिंगवरच्या हार्वर्डच्या अभ्यासात, असे प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले होते.

ठरावीक माणूस ‘खेचून आणणारी’ फाइल मागणं. हे काम मी घेत नाही. जिनं नाही म्हटलंय तिचं नाव पावसाखाली दडवून रोज रात्री ऐकणारा माणूस आत्मविश्वास वाढवत नसतो, तो नकार पचवायचं टाळत असतो. अशा एकाला मी पैसे परत देऊन घरी पाठवलं आणि पुन्हा आला तर पुन्हा तेच करीन.

शरीर साथ देत नसताना फाइल बदलत बसणं. नुसत्या फोनच्या विचारानं उलटी होते, हात थरथरतात, महिनोन्‌महिने लोकांत जाणं बंद झालंय, तर तो समुपदेशकाचा विषय आहे. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. त्या पेनड्राइव्हवाल्या मुलाला मी हाच नंबर लिहून दिला. पेनड्राइव्ह तो टेबलावरच ठेवून गेला.