जठराच्या कॅन्सरसाठी हायपेक: ऑपरेशनआधीची तयारी

हायपेक म्हणजे पोटात पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी ऑपरेशनने काढल्यावर त्याच वेळी पोटात गरम केमोचं औषध फिरवणं. आधी रुग्णाची फाईल उघडा. लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीने पोटाची आतून तपासणी) झाली आहे का आणि तिच्या अहवालात पीसीआयचा, म्हणजे पोटात कॅन्सर किती पसरलाय ते सांगणारा आकडा लिहिला आहे का, ते बघा. पोटाचे १३ भाग पाडून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात, म्हणजे बेरीज ३९ पर्यंत जाऊ शकते. जठराच्या कॅन्सरमध्ये ती साधारण ६-७च्या आत असेल आणि डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गाठ काढता येणार असेल, तरच हायपेकला अर्थ आहे. ४१ ते ४३ अंशांचं औषध पोटात ६० ते ९० मिनिटं फिरवलं, तरी ते गाठीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतं. सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी सहज निसटतात, म्हणून नुसत्या सीटीवर तारीख ठरवू नका. जर्मनीतल्या गॅस्ट्रिपेक चाचणीत हायपेकमुळे रुग्ण जास्त जगले असं दिसलं नाही, आजार पुन्हा वाढायला मात्र जास्त वेळ लागला. आपल्या रुग्णाला नेमका काय फायदा अपेक्षित आहे, हे सर्जनना स्पष्ट विचारा.

शेवटच्या केमोनंतर ऑपरेशनपर्यंत साधारण ४ ते ६ आठवडे मिळतात. त्यात सगळ्यात मोठं काम खाण्याचं. वजन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) घसरलेलं असेल, तर टाके भरत नाहीत आणि आतड्याचा जोड गळण्याची भीती वाढते. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. अंडी, पनीर, दही, मुगाचं कढण थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा द्या. गिळलेलं पुढे जातच नसेल, तर नळीतून आहार सुरू करायला सांगा. साध्या सलाइनने पोषण होत नाही.

हायपेकमध्ये सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देणार असतील तर किडनी जपा. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) अहवाल ताजा हवा, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. किडनीच्या बचावासाठी सोडियम थायोसल्फेट हे औषध देणार का, ते विचारा. कानाची तपासणीही आधीच करून ठेवा, कारण सिस्प्लॅटिन ऐकण्यावर परिणाम करू शकतं.

पाणथरी (प्लीहा) काढावी लागण्याची शक्यता असेल, तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिबच्या लसी किमान १४ दिवस आधी घ्या. हे बहुधा राहून जातं आणि ऐनवेळी उरकलेली लस नीट काम करत नाही.

बिडी, तंबाखू, मिश्री चार आठवडे आधी पूर्ण बंद. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं साधन) घरीच सुरू करा, जागेपणी दर तासाला दहा श्वास. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, ते भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या.

खर्चाच्या अंदाजपत्रकात हायपेकचं किट आणि औषधं वेगळी दाखवायला सांगा. विमा कंपनीकडूनही हायपेकच्या नावानेच लेखी मंजुरी मागा.

ऑपरेशननंतर केमोच्या औषधाचा अंश पुढचे ४८ तास लघवी, उलटी आणि ड्रेनच्या (पोटात ठेवलेल्या नळीच्या) पाण्यातून बाहेर पडतो. जवळ थांबणाऱ्याने हातमोज्यांशिवाय पिशवीला किंवा चादरीला हात लावायचा नाही. घरात कुणी गरोदर असेल, तर हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या.