‘रंकाळा’चा हॅश काढून बघा: बिटकॉइनचा गाभा घरच्या कॉम्प्युटरवर

क्रिप्टोवर तावातावानं बोलणारे आता कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरही भेटतात. ‘हॅश म्हणजे नेमकं काय?’ असं विचारलं की मात्र ‘ते लई अवघड असतंय’ म्हणून विषय दुसरीकडे वळतो. तेवढं अवघड काही नाही. विंडोजचा कॉम्प्युटर, सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर आणि मोकळा तासभर असला की पुरे. गुंतवायला एक रुपयाही लागत नाही. उलट हे करून बघेपर्यंत गुंतवूच नये, असं माझं मत.

हॅश फंक्शन म्हणजे ठरलेली गणिती प्रक्रिया. आत एक शब्द घाला किंवा अख्खा सिनेमा, बाहेर ठरावीक लांबीचाच आकडा येतो. तोच मजकूर घातला तर जगात कुठेही तेच उत्तर. बिटकॉइन वापरतं ते एसएचए-२५६. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं ते तयार केलं, २००१ मध्ये ते जाहीर झालं. त्याचं उत्तर २५६ बिटांचं (बिट म्हणजे एक ० किंवा १) असतं आणि ते आकडे व इंग्रजी अक्षरं मिळून ६४ चिन्हांत लिहितात.

पहिला हॅश

नोटपॅड उघडा, ‘रंकाळा’ एवढंच लिहा, एंटर न दाबता सेव्ह करा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. १८ बाइट्स हवा (आठ बिटांचा एक बाइट). युनिकोडच्या रूढ पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि अनुस्वार, काना धरून ‘रंकाळा’त सहा चिन्हं आहेत. २० दिसले तर एंटर दाबला गेलाय. २१ दिसले तर नोटपॅडनं सुरुवातीला स्वतःची अदृश्य खूण घातली आहे. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, पण ‘बॉम’वालं नको.

आता फाइलवर राइट क्लिक, सीआरसी एसएचए, मग एसएचए-२५६. विंडोज ११ मध्ये हे कधी कधी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत लपलेलं असतं. आलेली ६४ चिन्हं कॉपी करून बाजूला ठेवा.

मग ‘ळ’चा ‘ल’ करा आणि पुन्हा हॅश काढा. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन अक्षरांत अवघ्या एका बिटाचा फरक आहे. तरीही दोन्ही उत्तरं एकमेकांखाली ठेवून मोजलीत, तर ६४ पैकी साधारण चारच जागी तेच चिन्ह सापडेल, आणि तेही योगायोगानं. एक बिट हलला की उत्तरातले जवळपास निम्मे बिट उलटतात.

मराठी लिहिणाऱ्यांना इथं एक खड्डा आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड ‘ऱ’ वापरतो, तर कुणाचा साध्या ‘र’ला अदृश्य जोडखूण लावतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र वेगळे. हॅश डोळ्यांना दिसणारं वाचत नाही, बाइट वाचतो. म्हणून मित्राशी उत्तर जुळलं नाही तर आधी फाइलचा आकार आणि कीबोर्ड तपासा.

आत काय चालतं

मजकूर ५१२ बिटांच्या तुकड्यांत कापला जातो. मजकूर संपला की नेहमीच एक १, मग शून्यं आणि शेवटी मूळ लांबी लिहून शेवटचा तुकडा भरतात. सुरुवातीचे आठ आकडे पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांतून घेतले आहेत, त्यामुळे त्यांत कुणी गुपचूप काही पेरल्याची शंका कमी होते. मग प्रत्येक तुकड्याला ६४ फेऱ्यांत फिरवणं, सरकवणं, मिळवणं. यात किल्ली नसते, त्यामुळे कुलूप उघडल्यासारखा हॅश ‘उघडता’ येत नाही.

उलट जाता येत नसलं तरी अंदाज करता येतो. कोल्हापुरातल्या ठिकाणांची यादी घेऊन एकेकाचा हॅश काढणाऱ्याला ‘रंकाळा’ लगेच सापडेल. म्हणूनच ‘ग्राहकांचे मोबाइल नंबर आम्ही हॅश करून ठेवतो’ या आश्वासनाला फार किंमत देऊ नका. दहा आकडी नंबर एक हजार कोटींच्या वर असूच शकत नाहीत आणि तेवढं आजच्या कॉम्प्युटरला किरकोळ आहे.

जुनी फंक्शनं मोडलीही आहेत. एमडी-५ साठी एकच हॅश देणारे दोन वेगळे मजकूर २००४ मध्ये सापडले, एसएचए-१ साठी २०१७ मध्ये. एसएचए-२५६ अजून तसं मोडलेलं नाही.

हे सगळं क्रिप्टोपुरतंच नाही बरं का. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. भांडणाचं सीसीटीव्ही फुटेज हाती आलं की लगेच हॅश काढून नोंदवून ठेवा. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा फोटो किंवा व्हिडिओ पाठवलात की तो दाबून लहान केला जातो आणि हॅश बदलतो.

साखळी बांधा

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर जुनी कीर्द बघितली असेल, तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’ बेरीज आणलेली असते. ब्लॉकचेनही तशीच, फक्त बेरजेच्या जागी हॅश.

तीन फाइली करा. पहिलीत लिहा, ‘गूळ १० रवे जमा’. तिचा हॅश काढून दुसरीच्या पहिल्या ओळीत चिकटवा आणि खाली दुसरी नोंद लिहा. दुसरीचा हॅश तिसरीत. आता पहिल्या फाइलीत १० चे ११ रवे करा. तिचा हॅश बदलला, त्यामुळे दुसरीतली ओळ खोटी पडली. ती सुधारली की दुसरीचा हॅश बदलतो आणि तिसरी खोटी पडते. कीर्दीत बेरीज जुळवून चोरी लपवता येते, एका नोंदीत वाढवायचं आणि दुसरीत कमी करायचं. इथं ती सोय नाही.

पण तीन फाइली पुन्हा लिहायला कितीसा वेळ लागतो? तो लागावा म्हणून मायनिंग आहे.

हातानं मायनिंग

ब्राउझरमध्ये सायबरशेफ हे फुकट साधन उघडा, एसएचए-२ निवडा आणि साइज २५६ करा. टाइप करताच उत्तर बदलतं. ‘रंकाळा १’, ‘रंकाळा २’, ‘रंकाळा ३’ असं लिहीत जा आणि हॅशची सुरुवात शून्यानं होईल तिथं थांबा. सरासरी १६ प्रयत्न लागतात. नशीब असेल तर तिसऱ्यालाच, नाहीतर चाळीस. सुरुवातीला दोन शून्यं हवी असतील तर सरासरी २५६. पुढच्या प्रत्येक शून्याला सोळापट. युक्ती कुठलीच नाही, नुसतं करत राहायचं. जिंकलात तर मात्र तुमचा आकडा खरा आहे हे दुसरा माणूस एका हॅशमध्ये तपासतो.

बिटकॉइनमध्ये प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्याला, ८० बाइटांचा मथळा असतो. त्यात मागच्या ब्लॉकचा हॅश, सगळ्या व्यवहारांचा मिळून एक हॅश, वेळ आणि बदलत राहायचा एक आकडा, ज्याला नॉन्स म्हणतात. त्यावर एसएचए-२५६ दोनदा चालवतात. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकला आठ शून्यं पुरेशी होती, मिळाली दहा. आज १९ च्या आसपास लागतात. दर २,०१६ ब्लॉकनंतर ही अट घट्ट किंवा सैल होते, म्हणजे ब्लॉक साधारण दहा मिनिटांनी पडत राहतो. जिंकणाऱ्याला एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला ५० मिळायचे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या क्रिप्टोनं सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंग सोडलं, पण साखळी बांधायला हॅश तिथंही आहेच.

सायबरशेफ असो की दुसरी कुठली साइट, वॉलेटचे, म्हणजे क्रिप्टोच्या पाकिटाचे, बारा किंवा चोवीस गुप्त शब्द तिथं टाकू नका.

कुणी ‘ट्रान्झॅक्शन हॅश’ पाठवला तर

‘पैसे सोडले, हा बघ हॅश’ असा स्क्रीनशॉट आला तर स्क्रीनशॉट बाजूला ठेवा आणि हॅश अक्षरांत मागवून घ्या. तो त्या नाण्याच्या ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीतले व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, शोधा. बिटकॉइनचा व्यवहार इथेरियमच्या एक्सप्लोररवर सापडणार नाही. कुठंच सापडला नाही तर व्यवहार झालेलाच नाही असं धरा. सापडला तर घेणाऱ्याच्या वॉलेटचा पत्ता तुमच्या पत्त्याशी शेवटच्या चिन्हापर्यंत जुळवा. पहिली आणि शेवटची चार जुळणारे बनावट पत्ते मुद्दाम तयार करतात. मग रक्कम बघा. नाण्याचं नुसतं नाव बघून हुरळू नका, ओळखीच्या नावाचं टोकन कुणीही काढू शकतो.

शेवटी कन्फर्मेशनचा आकडा, म्हणजे व्यवहाराचा ब्लॉक धरून तिथपासून किती ब्लॉक जोडले गेले ते. बिटकॉइनमध्ये तो शून्य असेल तर पाठवणारा तेच पैसे अजून दुसरीकडे वळवू शकतो. मोठ्या रकमेला सहा कन्फर्मेशन, म्हणजे साधारण तासभर थांबायचा रिवाज आहे.